अडतीस

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
आमच्याकडं प्रेस म्हटलं की
कुठली, असं कुणी विचारत नाही.
एकतीस वर्षं कागद मोजला त्यांनी,
कोरा, छापलेला, छापताना बिघडलेला,
आणि रोज गेटवर झडती देऊन
रिकाम्या हातांनी जेलरोडला आले.
एक चिटोरासुद्धा नाही.
आमच्या वह्यांना कव्हरं घालायला
वाण्याकडनं रद्दी यायची.

मी छापून घेतली पाचशे पत्रकं.
अंबडला माझा गाळा आहे,
गॅस्केट, ओ-रिंग, सील, रबराचं जे म्हणाल ते.
गुळगुळीत कागद, तीन घड्या,
आतल्या पानावर मी, हेल्मेट घातलेली,
जे मी एरवी घालत नाही.
रविवार कारंज्याच्या छापखानेवाल्यानं
मोबाइल नंबरात एकाचा सात केला.
अर्ध्या पैशात परत छापतो, म्हणाला.
नको म्हटलं.
रात्री जेवणं उरकून बाबा आणि मी बसलो
निळी पेनं घेऊन.
पाचशे वेळा सातावर काट, वर एक.
बाबांचे एक माझ्याहून सरळ.

गुरुवार, सकाळचे सात, मुंबई नाक्याजवळचा हॉल.
डिसेंबर. सगळे उद्योजक मफलरमध्ये.
प्रत्येकाला पंचेचाळीस सेकंद.
सोलरवाले, विमावाले,
द्राक्षाच्या पेट्यांत घालायचा कागद विकणारे एक अबोल गृहस्थ.
कार्डं फिरत होती
लग्नात अक्षता फिरतात तशी,
मूठ पुढं करायची, कुणी दिल्या ते बघायचं नाही.
मी उभी राहिले.
'गळती' हा शब्द तीनदा म्हणाले.
घंटा वाजली, किंवा मला तसं वाटलं,
आणि खाली बसले.

मग मिसळ आली.
पाच ताटल्यांखाली मी होते.
एकीची तर्री हळूहळू
माझ्या हेल्मेटपर्यंत चढली.
कोठुळे इंटिरियरवाल्यांनी मागच्या कोऱ्या जागेवर
दुसऱ्याच कुणाचा नंबर उतरवून घेतला,
पेन माझंच.
एक पत्रक घडीवर घडी घालून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलं
आणि खरं सांगते,
टेबल हलायचं थांबलं.

खुर्च्यांवरून वेचून बावीस परत आणली,
डाग नसलेली तेवढीच.

संध्याकाळी फोन.
'मॅडम, मी निवृत्ती, हॉलच्या किचनमधून.
इडलीच्या स्टीमरचं रबर गेलंय,
वाफ सगळी तोंडावर येते.
तुमचा कागद टेबल पुसताना सापडला.
नंबर दोन दिसले, खोडलेला आणि लिहिलेला.
लिहिलेला लावला.'
व्यास किती?
'दोन विती, वर तीन बोटं.'
वीत कुणाची, मी विचारलं.
'माझीच की.'
म्हटलं, उद्या येते, तुमचा हात मोजायला लागेल.
नग एक. रुपये साठ.

घरी बाबा गठ्ठा घेऊन बसलेले.
अंगठा ओला करून,
ओठ न हलवता,
असे मोजतात की कागदाचा आवाजच फक्त येतो.
चारशे बासष्ट.
'अडतीस कुठंयत?'
टेबलाच्या पायाखाली एक,
मिसळीखाली पाच,
कोठुळेंच्या खिशात एक, निवृत्तीकडं एक.
'आठ झाले.'
बाकीची बाहेर गेली, बाबा.
'बाहेर?'
असं म्हणाले की
मी नकळत खिसे चाचपले.
त्याचसाठी छापली होती, म्हटलं.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग जुनी डायरी काढली,
पट्टीनं रेघ मारली, लिहिलं:
एकूण पाचशे. हजर चारशे बासष्ट.
बाहेर अडतीस.
आणि डायरी माझ्याकडं सरकवली.
सही लागते, म्हणाले.